वजन

बोरळ्याच्या टपालघरात एकोणीस वर्षं मी पार्सलं तोलते.
काट्याआधी हात तोलतो.
आठशे ग्रॅम लोणचं. सव्वादोन किलो कुरडया.
पुण्याच्या पोरासाठी मायनं शिवून दिलेली गोधडी,
तिच्यात लपवलेला तुपाचा डबा.
काटा नंतर फक्त होकार भरतो.

म्हणून दर्यापुरात, भुतडांच्या दुकानात,
रेहान म्हणाला, "फूल हलका, ताई, दीड किलो,"
तेव्हा मी लॅपटॉप उचलला
आणि खाली ठेवला.
"पावणेदोन हाय हे."
"कंपनीनं लिवलं ना, ताई!"
"आन मांग काटा."

शेजारच्या किराण्यातून काटा आला,
पारड्यात अजून तुरीच्या डाळीचे चार दाणे.
एक किलो सातशे तीस.
भुतडाशेठनी चष्मा वर केला. दुसऱ्याच मॉडेलची चिठ्ठी
याला चिकटली होती.
रेहान ती नखानं खरवडू लागला.

"आता चार्जरबी ठेव."
"चार्जर काऊन?"
"तो का उडत येते माह्या मांगं?"

रोज आठ किलोमीटर सायकल.
उजवा खांदा आधीच थैलीच्या नावावर.
डाव्यावर जे काही चढेल
ते मी विचारूनच चढवणार.

भाचा सुजात फोनवरून बजावत होता:
ग्राफिक कार्ड पाह्यजो मावशी, सोळा जीबीच घेजो,
मग सगळं चालते.
सगळं म्हणजे काय, ते सांगताना त्यानं
पाच-सहा लढायांची नावं घेतली.
बाबू, मला लढाई नको.
मला बचत गटाची वही हवी, चुका खोडता येणारी.
आईचे रक्ताचे रिपोर्ट एका जागी.
खात्याचं यंत्र खात्याचं, ते पाचला कुलपात जातं.
आणि एक खेळ हवा.

हे मी दुकानात हळू आवाजात सांगितलं.
त्यात एक मोटार असते. रस्ता असतो.
रस्त्याच्या डाव्या हाताला, शेवटपर्यंत, समुद्र असतो.

खारपाणपट्ट्यात जन्म गेला.
विहिरीचं पाणी खारट, चहा खारट,
केस धुतले की काथ्यासारखे.
एवढं मीठ आणि समुद्र कुठंच नाही.

रेहाननं तीन लॅपटॉप मांडले, तिन्हींवर तोच खेळ.
अठ्ठावीस हजारांवर समुद्र तुकड्या-तुकड्यानं आला,
मोटार पुढं, पाणी मागं.
सत्तर हजारांवर लाटांचा फेस मोजता यायचा,
पण पंखा असा घरघरला
की बाहेरचा रसवंतीवाला डोकावला.
बेचाळीसच्यावर फेस नव्हता.
लाट मात्र थांबत नव्हती.

तोच मी दारात नेला, मे महिन्याच्या दुपारी,
मांडीवर दहा मिनिटं ठेवला.
उन्हात पडदा दिसतो का पाहिलं. बेताचा दिसला.
रेहान म्हणाला, "असं कोनी पाह्यत नाही, ताई."
"त्यायले अंगण नसन."

भुतडाशेठ चाळीसवर आले.
पिशवी फुकट देत होते, जाड, दोन कप्प्यांची.
मी ती हातात घेतली.
सहाशे ग्रॅम.
जुन्या साडीची शिवीन म्हटलं.

संध्याकाळी टपालघर उघडून
आपल्या काट्यावर ठेवला: एक किलो दोनशे साठ.
चार्जरसकट दीडला दहा कमी.
अकोल्यापर्यंत किती तिकिटं लागतील
ते सवयीनं मनात येऊन गेलं.

रात्री साडेनऊला लाईट गेली.
गावात तेवढा एकच चौकोन उजळ,
त्यावर किडे, त्याखाली आम्ही दोघं.
उत्तम बराच वेळ बघत बसले. पानाला चुना लावायचा राहिला.
मग म्हणाले,
"पानी कसं हाय तिथचं?"

"आपल्यासारखंच," मी म्हटलं
आणि वळण घेतलं.